आप्पांची फियाट आणि एका वर्षाची मुदत



मंदिरातून येता-जाता आमच्या फाटकातून आत डोकावणाऱ्या बऱ्याच जणींनी मला विचारलं, "अगं, ती फियाट कुठं गेली? एवढी चकाचक केली होती ना तुम्ही मायलेकींनी? विकली की काय?" एकीला सांगावं तर दुसरी विचारते. म्हणून एकदाच सगळं इथं लिहिते. थोडं लांबेल, कुकर लावून मग वाचायला बसा.

गाडी माझ्या सासऱ्यांची. घरात लहान-मोठे सगळेच त्यांना आप्पा म्हणतात. 1991 सालची प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंगाची. कागदावर पद्मिनी, पण लातुरात तिला त्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, सगळे फियाटच म्हणायचे. 2006 मध्ये घरात नवी गाडी आली आणि ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. तिच्या टपावर माझे पापड-कुरडया वाळायच्या आणि डिकीत दुकानाच्या जुन्या वह्या पडलेल्या असायच्या.

2023 च्या चातुर्मासात आप्पांनी महाराजांसमोर परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. घर एक, शेत एवढं, कपड्यांचे जोड इतके, असं सगळं वहीत लिहून काढलं. आपल्या काही ग्रंथांत बाह्य परिग्रहाची जी दहा नावं येतात, त्यांत 'यान' वेगळं मोजलेलं आहे. आप्पांनी लिहिलं, वाहन एक. आम्ही म्हटलं, "अहो, ती शेडमधली चालते कुठं? ती काय मोजायची?" तर म्हणाले, "चालत नसली तरी माझ्या नावावर हाय ना? आणि मनातून गेलीय असं म्हणू का मी?" गाडी घराबाहेर काढायला त्यांनी स्वतःला मुदत घातली पुढच्या अनंत चतुर्दशीची.

यांनी सरळ हिशेब केला. भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारून 22 हजार सांगितले. आप्पा काहीच बोलले नाहीत. बोलली ती आमची लेक, तेव्हा आठवीत होती. म्हणाली, "मी चालू करते. चालू करून मग द्या."

ही कल्पना तिच्या डोक्यात कुठून आली ते सांगते. अमेरिकेत बाप आणि मुलं घराच्या गॅरेजमध्ये जुन्या गाड्या उघडून बसतात, त्याचे व्हिडिओ ती तासन्‌तास बघायची. त्या गाड्यांना तिकडं 'मसल कार' म्हणतात. साठच्या दशकात मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन बसवायची तिकडं चढाओढ लागली होती. 1966 च्या डॉज चार्जरमध्ये तर सात लिटरचं इंजिन मिळायचं. आमच्या पद्मिनीचं 1089 सीसी, म्हणजे त्याच्या सहाव्या हिश्शाएवढंही नाही. मी तिला चिडवायची, ते मसल तर आपली ही करंगळी. पण गंमत बघा, या करंगळीचं डॉजशी जुनं नातं आहे. प्रीमियर कंपनी 1944 मध्ये काढली ती वालचंद हिराचंद दोशींनी. आपल्या सोलापूरचं दिगंबर जैन घराणं. वडील हिराचंद नेमचंद म्हणजे 'जैन बोधक' काढणारे, ते नाव आपल्या आज्यांना तोंडपाठ होतं. वालचंदांनी करार केला होता अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी, आणि डॉज ही क्रायसलरचीच. 1947 मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघाल्या त्या डॉज, प्लिमथ अशाच, सुटे भाग आणून जोडलेल्या. फियाटशी जोडणी पुढं झाली. वालचंद 1953 मध्ये गेले. त्यांच्यानंतर वीसेक वर्षांनी गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ते देशभर झालं. ऑक्टोबर 2023 च्या शेवटी मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, ती बातमी आणि आमच्या घरातला हा वाद एकाच आठवड्यातले.

आप्पांनी नातीला परवानगी दिली, पण तीन अटींवर. सूर्य मावळला की काम बंद. कामात एकही जीव बेफिकिरीनं जाता कामा नये. आणि तिसरी अट, गाडी झाली की घरात राहायची नाही, नात्यातल्या कुणाकडं जायची नाही. "मामाकडं ठेवली म्हणजे या खिशातून त्या खिशात."

लेक म्हणाली, "मग मी कशाला करू एवढं?"

"नको करूस. भंगारवाला हायेच की."

दोन दिवस घुश्शात होती. तिसऱ्या दिवशी शेडमधून आवाज आला म्हणून जाऊन बघते तर बाईसाहेब डिकीतल्या वह्या उपसून बाहेर काढत होत्या.

आता, तुम्ही लातूरच्या असाल तर पुढचं सांगायला नको. आठवी-नववी म्हटलं की इथं घराघरात एकच प्रश्न असतो, क्लास कुठला लावला? 'लातूर पॅटर्न'साठी नांदेड-परभणीहूनच काय, विदर्भातून पोरं येऊन इथं खोल्या घेऊन राहतात. अशा गावात आमची लेक रविवारी सकाळी हाताला ग्रीस लावून बसलेली. महिला मंडळात एक-दोघींनी काळजीनं सांगितलं, एकीनं टोमण्यानं. यांचाही पहिल्यांदा विरोध होता. गाडीमुळं गणितात पैकीच्या पैकी पडले असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. गुण होते तेवढेच राहिले. बाकीचे सहा वार क्लास, रविवार गाडीचा, एवढंच आम्ही ठरवलं आणि पाळलं.

शिकवायला कोण? माझं माहेर नांदेडचं. माझ्या भावानं एक म्हातारे मिस्त्री शोधले, ज्यांचा सगळा जन्म फियाटच्या बॉनेटखाली गेला. त्यांची बहीण लातुरात दिलेली, त्यामुळं महिन्यातून एकदा यष्टीनं यायचे. एरवी फोनवर. लेक त्यांना चाचा म्हणायची. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "इंजिन कधी चालू करायचं?" चाचा म्हणाले, "पहले रुकना सीखो बेटा, चलना बाद में." आणि ब्रेकपासून सुरुवात केली.

पण ब्रेकच्याही आधी झाडलोट. सतरा वर्षं उभी गाडी म्हणजे एक गावच असतं. दाराच्या फटीत कुंभारमाशीची मातीची घरं, बॉनेटखाली कोळी, सायलेन्सरच्या नळीत मुंग्यांची वारुळमाती. मऊ कुंचा आणि सुपली घेऊन आम्ही तीन रविवार फक्त हेच केलं. आणि मागची गादी जराशी उचलली तर आत उंदराची पिल्लं. सहा. डोळेही उघडले नव्हते. गादीतला काथ्या आणि माझ्या एका हरवलेल्या ओढणीच्या चिंध्या करून आईनं घर केलं होतं. लेकीनं गादी अलगद होती तशी टेकवली, काचेवर कागद चिकटवला, 'आत बाळंतीण आहे', आणि आम्ही काम पुढच्या चाकांकडं हलवलं. उंदराची पिल्लं तीन आठवड्यांत स्वतःचं खायला लागतात. आम्ही महिना थांबलो. हे म्हणाले, उंदरांसाठी गॅरेज बंद ठेवणारं लातुरातलं हे पहिलंच घर असेल.

मैत्रिणींनो, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही, ते आपण सगळ्या जाणतो. पेट्रोल जळणार, इंजिन तापणार. पण किती आणि कशी, ते आपल्या हातात असतं. रॉकेलमध्ये सुटे भाग धुवायचा टब आम्ही जाळीनं झाकायचो. काळं तेल उघड्या डब्यात क्षणभरही ठेवायचं नाही, नाहीतर संध्याकाळी त्यात काय-काय पडलेलं असतं ते गॅरेजमध्ये जाऊन बघा. दिव्याखाली काम नाही, कारण दिव्यावर पतंग आणि खाली ओला रंग. रंगाचे चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असतात, हे मला या निमित्तानं कळलं. आम्ही नायलॉनचे आणले. पॉलिशला चामड्याच्या फडक्याऐवजी आप्पांचं जुनं धोतर. आणि धुणं म्हणाल तर 2016 मध्ये ज्या गावानं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलं, त्या गावात पाइप लावून गाडी धुवायची माझी तरी छाती होत नाही. एक बादली गाळलेलं पाणी आणि फडकं. कोरड्या हवेचा फायदा मात्र झाला. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात असती तर तळ चाळणी झाला असता, असं चाचा म्हणाले. आमच्या गाडीला फक्त दारांच्या खालच्या कडांना आणि बॅटरीच्या बैठकीला गंज होता.

ब्रेकमधली हवा काढायचं काम मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. चाकाच्या सिलिंडरमधले रबर बदलले, नवं तेल भरलं, पण नळीत हवा राहिली तर पॅडल नुसतंच स्पंजासारखं खाली जातं. हे काम एकट्यानं होत नाही. एकीनं आत बसून पॅडल दाबायचं, दुसरीनं चाकापाशी बसून बारीक निपल सैल करायचं, हवेचे बुडबुडे निघाले की आवळायचं, आणि ते आवळेपर्यंत आतलीनं पाय काढायचा नाही. काढला तर हवा परत आत. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. मी आत, लेक खाली. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." असं दीड तास. एरवी मी तिला सांगते, ती मला उलटून बोलते, आमचं दोघींचं हे रोजचंच. त्या दीड तासात ती सांगत होती आणि मी ऐकत होते, आणि माझा पाय तिच्या शब्दाशिवाय हलत नव्हता. माझी पोटरी दुखायला लागली तेव्हा तिनं आतून ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "मम्मी, थांबू का?" मी म्हटलं, धरलंय.

इंजिन अडकलेलं होतं. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल ओतून आठ दिवस ठेवलं. मग चौथा गिअर टाकून गाडी पुढं-मागं ढकलायची, इंजिन सुटेपर्यंत. आम्ही दोघी, हे आणि शेजारची दोन पोरं. तिसऱ्या रविवारी 'टक्' असं काहीतरी झालं आणि गाडी हातभर पुढं गेली. हेड उघडून व्हॉल्व्ह चाचांनी स्वतः घासून दिले. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर झाला होता, तो काढला. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या, कारण हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच उसापासून केलेलं, आणि जुनं रबर त्यानं फुगतं. काही भाग चाचांनी हैदराबादहून मागवले. प्लगच्या वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून लेकीनं माझ्या नेलपॉलिशनं त्यांच्यावर एक-दोन-तीन-चार ठिपके दिले. ठिणगी मात्र त्या क्रमानं पडत नाही. एक, तीन, चार, दोन अशी पडते. हा क्रम ती पाढ्यासारखा म्हणत फिरायची.

एप्रिलच्या शेवटी गाडी सुरू झाली. धूर, खोकला, शेजारपाजारचे सगळे गोळा. आप्पांना काचबिंदूमुळं आता फारसं दिसत नाही. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि ते म्हणाले, "तिसरं मारंना गेलंय गं पोरी." लेकीनं एकेक वायर काढून पाहिली. तिसरी काढल्यावर आवाजात काही फरकच पडला नाही, म्हणजे ते सिलिंडर आधीच बंद. प्लगच्या चिनीमातीला केसासारखा तडा होता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. रंगकाम उरकल्यावर गाद्या शिवायला घेतल्या. रेक्झिन मी माझ्या मशिनवर शिवलं, सुया तीन मोडल्या. मागची गादी पूर्ण सोडवून ओसरीवर आणली तेव्हा आप्पांनी ती जवळ मागितली. बराच वेळ हात फिरवत बसले. मग नातीला म्हणाले, "ह्या गादीवर किल्लारीची माणसं झोपलीत."

1993 ची अनंत चतुर्दशी 29 सप्टेंबरला होती. आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, आप्पांचा उपवास होता. गणपती बुडवून गाव झोपलं, आणि 30 च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, भूकंप. किल्लारी आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर. उजाडल्यावर बातमी आली तशी आप्पांनी दुकानातली चादरींची गाठोडी आणि पाण्याचे कॅन भरून औशावरून गाडी काढली. पारणं केलंच नाही. पुढचे तीन दिवस जाताना पाणी आणि चादरी, येताना जखमी माणसं. "एक बाई होती. मांडीवर पोर. पोरगं रडत होतं, म्हणजे नीट होतं. बाई नुसतीच पुढं बघत होती. दवाखान्यात उतरवलं. नाव मी विचारलं नाही." एवढंच बोलले. या घरात येऊन मला सतरा वर्षं झाली होती, सासूबाई असेपर्यंत त्यांच्या तोंडूनही मी हे कधी ऐकलं नव्हतं.

लेक म्हणाली, "मग आप्पा, ही तर ठेवायलाच पाहिजे ना."

"ती भंगारात जाऊ नये, एवढंच वाटायचं मला. पण म्हणून ती माझ्यापाशीच ऱ्हावी असं कुठंय? तेवढ्यापायीच तर सतरा वर्षं धरून बसलो."

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नाही, मूर्च्छेवर आहे, हे मी स्वाध्यायात किती वेळा ऐकलं असेल. पर्वात परीक्षेला लिहिलंही आहे. त्या दिवशी काथ्याचा वास येणाऱ्या गादीशेजारी बसून ते ऐकणं वेगळं होतं. लेक रडली. नंतर दोन रविवार शेडकडं फिरकलीसुद्धा नाही. मीही तिला म्हटलं नाही की चल. तिसऱ्या रविवारी ती गेली आणि दाराचं रबर बसवायला लागली.

हिशेब द्यायला हवा, नाहीतर तुम्ही विचारालच. सुटे भाग 46 हजार, डेंटिंग-पेंटिंग 55, इंजिनाचं काम 18, गाद्या आणि आतलं कापड 9, आणि कागदपत्रं 14. एकूण 1 लाख 42 हजार. आर.सी.ची मुदत कधीच संपलेली. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या नूतनीकरणाची फी 2024 मध्ये 5,000 होती, वर हरित कर, उशिराचा दंड, विमा, पी.यू.सी. लोकांना वाटतं जुनी गाडी म्हणजे विंटेज, काही सवलत असेल. विंटेज व्हायला पन्नास वर्षं लागतात, आमची तेहतिशीची. तपासणीत ब्रेक एका फटक्यात पास झाले, तेव्हा लेकीनं माझ्याकडं बघितलं.

गिऱ्हाईक चाचांनीच आणलं. नांदेडचं निवृत्त जोडपं. गाडी हवी होती ती बाईंना. त्या शिक्षिका होत्या, आणि तरुणपणी अशाच फियाटवर गाडी शिकल्या होत्या. आप्पांनी सांगितलं, लागला तेवढाच पैसा घ्यायचा, वर एक रुपया नाही. बाईंनी ऐकलं नाही, लेकीच्या हातावर तिची म्हणून वेगळी मजुरी ठेवली. तिनं आप्पांकडं पाहिलं. ते म्हणाले, "तुझं तू ठरव." तिनं पान्यांचा एक चांगला संच घेतला. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, "किती नग?" बावीस. मग त्यांनी तिला ते तिच्या वहीत लिहायला लावलं.

15 सप्टेंबर 2024, पर्वातला रविवार. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर. सकाळी आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला, णमोकार म्हटला आणि काठी टेकत मंदिराकडं निघून गेले. आम्ही निघेपर्यंत थांबले नाहीत. गाडी मी चालवली, लेक शेजारी. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मला उन्हाळ्यात गल्लीत फिरवून-फिरवून जमला होता. चाकूर, अहमदपूर, लोहा, साठच्या वर वेग नाही, सोबत खिडकीतून ओल्या सोयाबीनचा वास. अहमदपूरला इंजिन गार व्हायला थांबलो तर एका ट्रॅक्टरवाल्यानं बॉनेट उघडायला लावून आत बघितलं, आणि कुणी केली विचारल्यावर मी लेकीकडं बोट दाखवलं. त्याचा काही विश्वास बसला नाही.

नांदेडला पोहोचेपर्यंत दुपार झाली. लेकीनं बाईंना एक दोनशे पानी वही दिली. त्यात सगळं होतं. चोक अर्धाच ओढायचा, पूर्ण ओढला तर पेट्रोल चढतं. डावं मागचं दार आतून थोडं उचलून लावायचं. पावसात पॉइंटचं झाकण पुसायचं. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग दर दोन महिन्यांनी बघायचा. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मागची गादी कधी बदलायची झाली तर आधी आम्हाला फोन करा, आणि ती उचलण्यापूर्वी आत कुणी आहे का बघा.

बाईंनी चष्मा लावून सगळी वही तिथंच उभ्यानं वाचली. मग पदर खोचून आत बसल्या, चोक बरोबर अर्धा ओढला, आणि गिअरकडं न बघता गाडी एका दमात मागं घेतली.